क्वाश मंगिनचे बावीस एकर

मी, थॅडियस क्वाश मंगिन, वय वर्षे शहाऐंशी, धंदा मासेमारीची जाळी विणणे व खाडीतील कालवे-शिंपले काढणे, शिक्षण इयत्ता चौथी पूर्ण, राहणार विलोबी बेट, दक्षिण कॅरोलिना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; तो मला लागत नव्हता, कचेरीला लागतो. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझा मुलगा वेंडेल याने दोनदा विचारले आहे, "इतकी काय घाई आहे, पपा?" आमच्या घराण्यातील हे पहिलेच मृत्युपत्र होय. त्याला एकशे चाळीस वर्षे उशीर झालेला आहे.

कलम १. सदर बावीस एकर जमीन माझे आजोबा क्वाश मंगिन यांनी सन १८६८ मध्ये विकत घेतली. ज्या मळ्यात ते गुलाम असताना कापूस खुरपत, त्याच मळ्याचा हा तुकडा आहे. चतुःसीमा: पूर्वेस खाडी, दक्षिणेस आमचे प्रार्थनाघर, पश्चिमेस डांबरी रस्ता, उत्तरेस पूर्वी केपर्स कुटुंबाची जमीन, हल्ली गोल्फचे मैदान.

आजोबांनी मृत्युपत्र केले नाही. ते म्हणत, "ज्या कचेरीच्या वहीत माझ्या आईची विक्री लिहिलीय, तिथं माझ्या पोरांची नावं मी लिहू देणार नाही." वडिलांनी तेच धोरण चालवले. दोघांचे म्हणणे रास्त होते. परिणाम वाईट झाला. कायद्याने जमीन सर्व वंशजांची सामाईक ठरली, आणि सामाईक जमिनीत कोणा एकाने आपला हिस्सा विकला, तर घेणारा सगळ्याच जमिनीचा लिलाव मागू शकतो. सन १९७९ मध्ये केपर्स कुटुंबाचे तसेच झाले. शिकागोतील एका नातवाने, ज्याने हे बेट कधी पाहिले नव्हते, सही दिली. आणि कचेरीच्या पायऱ्यांवर जमीन पुकारली गेली. आज मिस जेनीवा केपर्स यांना स्वतःच्या आईच्या थडग्यावर फुले वाहण्यासाठी गोल्फच्या फाटकावर पास मागावा लागतो.

कलम २. त्या लिलावाच्या दुसऱ्या दिवशी मी आमचे वारस शोधण्यास आरंभ केला. त्रेचाळीस निघाले. वकिलाने प्रथम माझे शिक्षण विचारले. मी सांगितले, आमच्या बेटावर काळ्या मुलांची शाळा चौथीपर्यंतच होती. मी ती संपवली, मग शाळाच संपली. आमच्या प्रार्थनाघराचे धर्मसेवक, डीकन ओझायस पोलाइट, तेथेच सर्वांदेखत म्हणाले होते, "थॅडियस चौथीच्या जोरावर गोऱ्यांच्या कोर्टाशी झुंजतोय! देवा, त्याच्या बायकोला धीर दे." हे मी विसरलेलो नाही.

माझी दिवंगत पत्नी लुवेनिया हिने धीर मागितला नाही. प्रत्येक बसप्रवासाला तिने बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी बांधून दिली. डेट्रॉइट, न्यूअर्क, सव्हाना, जिथे जिथे आमचे रक्त गेले होते तिथे मी गेलो. प्रत्येकास सांगितले: तुझा हिस्सा माझ्या नावे कर, त्या बदल्यात तुला व तुझ्या मुलाबाळांना येथे येण्याची, मासे धरण्याची आणि पुरले जाण्याची मनाई कधी होणार नाही. अठ्ठावीस वर्षांत बेचाळीस सह्या झाल्या.

त्रेचाळिसावी माझा धाकटा भाऊ हेझकाया याची राहिली होती.

कलम ३. हे कलम लिहिणे मला जड जात आहे. सन १९६१ मध्ये आमची आई वारली. हेझकाया फिलाडेल्फियाहून पोहोचला तो दफनानंतर एक दिवसाने. मी त्याला फाटकावर अडवून म्हणालो, "या जमिनीवर पाय ठेवायचा तुला हक्क नाही." तो फाटकावरूनच परत गेला. त्यानंतर सेहेचाळीस वर्षे आम्ही बोललो नाही. दरम्यान गोल्फवाल्या कंपनीचा माणूस त्याच्या दारी दोनदा जाऊन आला होता.

सन २००७ मध्ये मी त्याच्या दारात उभा राहिलो. संभाषण जसे झाले तसे नोंदवीत आहे.

"कोण मेलं?" त्याने विचारले.

"कोणी नाही. सही हवीय."

"माझी? मला तर हक्कच नाही म्हणालास. हक्क नसलेल्या माणसाची सही घेऊन काय करशील, थॅड? फ्रेम करशील?"

मी सहीचा कागद पुढे केला. तो म्हणाला, "मला उशीर का झाला, हे तरी कधी विचारलंस? वाटेत बस थांबली. मी गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रतीक्षालयात जाऊन बसलो. ऊठ म्हणाले, उठलो नाही. तुम्ही आईला पुरत होता तेव्हा मी कोठडीत होतो."

हे मला ठाऊक नव्हते. मी विचारले नव्हते. मी म्हणालो, "तुला हक्क होता. तेव्हाही होता. मी चुकलो."

"मोठ्यानं म्हण. शेजारच्या बाईला ऐकू येत नाही."

मी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "ऐकलं, हेझकाया! आता त्या म्हाताऱ्याला आत घे की!"

त्याने सही केली. नंतर त्याने आमच्या बेटाच्या पद्धतीने रांधलेला टोमॅटोचा लाल भात आम्ही खाल्ला. आईसारखा झाला नव्हता, हे मी त्यास सांगितले.

सबब, आईच्या उजवीकडील कबरीची जागा, जी मी स्वतःसाठी राखली होती, ती हेझकायाची. मी डावीकडे.

कलम ४. जमीन आता कोर्टाच्या निकालाने माझ्या एकट्याच्या नावे आहे. ती मी पुन्हा वाटून तोच घोळ करणार नाही. ती मंगिन कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे जाईल. कारभार माझी मुलगी अर्नेस्टीन पाहील. वेंडेल यास येथे राहण्याचा हक्क आहे, विकण्याचा नाही. तो म्हणाला, "पपा, माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हणालो, "तुझ्यावर आहे. तुझ्या नातवावर नाही, तो अजून जन्मला नाही." घर अर्नेस्टीनला. होडी वेंडेलला, त्याने ती वल्हवण्यास शिकावे. जाळी विणण्याची हाडाची सुई मिस जेनीवा यांना, कारण बेटावर माझ्याइतका सारखा फास फक्त त्यांचा पडतो.

कलम ५. आमच्या रिवाजाप्रमाणे मृताने शेवटी वापरलेली वस्तू मोडून थडग्यावर ठेवतात. माझा कॉफीचा कप फोडून ठेवावा. हे पेन मात्र मोडू नये. ते अर्नेस्टीनला द्यावे. तिलाही मृत्युपत्र लिहायचे आहे, आणि त्याला उशीर चालणार नाही.

कलम ६. हे मृत्युपत्र त्याच कचेरीत नोंदवावे, जेथे माझी पणजी डायडो हिची विक्री नोंदलेली आहे. ती वही मी मागून घेऊन पाहिली आहे. तिचे नाव एका खेचराच्या खाली आहे. नोंद झाल्यावर अर्नेस्टीनने, जेथे जमिनी पुकारतात त्याच पायऱ्यांवर उभे राहून, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत हे मोठ्याने वाचावे. कोणी थांबून ऐकू लागल्यास त्यास सांगावे की बोली लावू नये. येथे विकायला काही नाही.

आजोबांनी खरेदीखतावर फुली केली होती. मी पूर्ण नाव लिहीत आहे.

थॅडियस क्वाश मंगिन

साक्षीदार:
१. मिस जेनीवा केपर्स
२. डीकन ओझायस पोलाइट (सहीपूर्वी सर्व कलमे वाचण्याची अट घातली होती. वाचली. कलम दोन दोनदा वाचले.)

स्थळ: विलोबी बेट, माझ्या स्वतःच्या ओसरीवर
दिनांक: १९ जून २००९