लखनौहून बांधलेला पाय

तीर्थपुरी
ता. १४ ऑगस्ट १९७१

चि. म्हस्कूस,
आजी आसराबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र शाळेच्या प्रभावतीबाई लिहून राह्यल्यात. मी बोलते तसंच उतरवा, असं त्यांना बजावलंय. त्या माझं बोलणं धुऊन वाळत घालतात, असा मला संशय आहे.

तुझी तीन पत्रं आली. तिन्हीत एकच: मी खुशाल, शिक्षण बराबर चालू, काळजी नसावी. अरे, घरी भाकर करपली तर चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा तू ओरडायचास. दीड वर्ष फौजेत राहून तुझी एक तक्रार न्हाई? एवढा गुणी नातू माझा न्हाई. कुणाचा आहे ते कळव.

बाप तुझा अजून फुगून आहे, न विचारता भरतीला गेल्तास म्हणून. पण पोस्टमन दिसला की पुंजाराम बांधावर येऊन उभा राह्यतो. परवा मला म्हणला, फौजेनं ह्याला मलमपट्टीच्या कामाला घेतलंय, जखमी माणसं ह्याच्या हवाली करणार, तर ह्याला काही शिकवलंय का नुसतं परेडीत चालवून घेतलंय, ते विचार. तिकडं पूर्वेला लढाई पेटणार, असं रेडिओ म्हणतो. मंग मी सरळच विचारते: तुला काय येतं?

पटवून दे. आपल्या एका मेंढीचा मागला पाय मोडलाय. माझे हात आता थरथरतात. कसा बांधायचा ते तू लिही. बाई वाचतील, बाप बांधील. तू लिहिशील त्याच्यापेक्षा कमी न्हाई, जास्त न्हाई.

लोभ आहेच, कमी पडला तर मागून घे.
आसराबाईचा अंगठा


लखनौ
ता. २ सप्टेंबर १९७१

ती. आजीस,
म्हस्कूचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. (हे लिहिलं की तुला खोटं वाटतं, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करू?)

पाय हळूच ओढून सरळ करा. भोवती लोकर गुंडाळा. दोन बाजूंनी बांबूच्या दोन खपच्या लावा. मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही हलता कामा नयेत. पट्टी खालून वर, घट्ट, प्रत्येक वेढा सारखा. गाठ बाहेरच्या अंगाला. झालं. इथं माझ्या पट्टीला सगळे देखणी म्हणतात.

आजी, तुझे हात थरथरतात हे वाचून संशय मलाच आला. मी भरतीला निघालो त्याच्या आधीच्या पोळ्याला तू चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होतीस. चाळीस वर्षं मेंढरांची हाडं बसवणारी तू, मला कशाला विचारतेस?

माईला आणि बाला नमस्कार. बा रागावला असला तरी सांग. माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा म्हस्कू


तीर्थपुरी
ता. २५ सप्टेंबर १९७१

चि. म्हस्कूस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

हात माझे ठणठणीत आहेत. परीक्षा घेत होते.

बाईंनी गोठ्यात उभं राहून तुझं पत्र वाचलं, बापानं शब्दाशब्दाला बांधलं, मी तोंडाला पदर लावून बसले. पट्टी खरंच देखणी. लग्नात मिरवावी अशी. पुंजाराम तर दोन घटका तिच्याकडं बघत राह्यला. दुसऱ्या दिवशी दुपारी खुराला हात लावला तर थंडगार, वर सूज. मी जल्दी सोडवली म्हणून पाय राह्यला. तू बांधायला सांगितलंस. बांधल्यावर बघायला सांगितलंच न्हाईस. खूर ऊन आहे का गार, बोट घालून ढील आहे का, थोड्या वेळानं पुन्हा बघा, काही न्हाई. “झालं” म्हणे!

दुसरी गोष्ट. अंबडच्या बाजारात तुझ्या जोडीदाराची, शिवाजीची आई भेटली, चांगुणाबाई. शिवाजी चार दिवस सुट्टीवर आल्ता. त्यांची सगळी तुकडी सरहद्दीकडं निघाली म्हणे. मी म्हणलं, आमचा म्हस्कू? तर ती भाज्यांकडं बघायला लागली. तिला भाजी घ्यायची नव्हती.

तू कुठं आहेस? कशामुळं आहेस? इंद्रायणी, तुझी आई, तीन दिवस नीट जेवली न्हाई. मी जेवले, पण चव लागली न्हाई.

खरं लिहिशील तोवर लोभ उंबऱ्याबाहेर उभा आहे.
आसराबाईचा अंगठा


लखनौ
ता. १० ऑक्टोबर १९७१

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मी नापास झालो.

ऑगस्टात हातानं करून दाखवायची परीक्षा होती. तीन जणांना जखमी म्हणून निजवलं होतं. पहिल्याचा पाय मी बांधला आणि दुसऱ्याकडं गेलो, मंग तिसऱ्याकडं. आम्हाला शिकवणारे उस्ताद पहिल्यापाशीच बसून होते. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले की पट्टी सुंदर आहे, पाय मेला आहे. मी एकदाही वळून त्याची बोटं दाबून बघितली नव्हती. तुझ्या मेंढीपाशी मी दुसऱ्यांदा नापास झालो, आजी.

तुकडी गेली. शिवाजी निघताना माझ्याशी नजर मिळवत नव्हता, जसं काही चूक त्याचीच. मी मागं राह्यलो. २० नोव्हेंबरला पुन्हा परीक्षा. त्यातही नापास झालो तर सरहद्दीवर पाठवत न्हाईत, इथंच भांडारात चादरींच्या कामाला लावतात. लाजेनं लिहिलं न्हाई. बाला काय सांगायचं ते तूच ठरव.

आता तरी लोभाला आत घे.
तुझा म्हस्कू


तीर्थपुरी
ता. ३० ऑक्टोबर १९७१

चि. म्हस्कूस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर, पोरगं लढाईवर न्हाई म्हणून घरात गूळ वाटला. नापास झालेल्या पोराचा गूळ तीर्थपुरीत पहिल्यांदाच कुणी खाल्ला असंल. तुझी आई रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी तीच इंद्रायणी वाटीभर धपाट्याचं पीठ घेऊन बाईंच्या घरी गेली. ही शाळेकडं कधी फिरकत न्हाई. मला पक्का संशय आहे की तुला एक पत्र गेलंय, पुन्हा नापास हो म्हणून. बाई, मान खाली ठेवून लिहा. बाई म्हणतात, एकीचं पत्र दुसरीला सांगणार न्हाई. बराबर आहे, मी विचारत न्हाई. पण बाईंचे कान लाल झालेत, हे तेवढं लिहाच.

आईला दोष देऊ नको. दोन दिवस मीही अंबडच्या देवीला तेच मागत होते. मंग बाजारात चांगुणाबाईनं माझा हात धरला. म्हणली, आसरामावशी, तुमचा नातू माझ्या शिवाजीच्या मागं जाईल ना? तिथं ओळखीचं कुणीतरी असू द्या. एसटीत जागा असून उभी आले.

घरी येऊन पुंजारामाला विचारलं, काय लिहू? दीड वर्षात तुझं नाव न घेणारा माणूस. म्हणला, म्हस्कूच्या हातून एखाद्याचा पाय गेला, तर त्या घरी मी कोणत्या तोंडानं जाऊ? आणि उठून गेला.

तर ऐक. शिकलास तर पास हो. हात कच्चा वाटला तर उस्तादाला आपल्या तोंडानं सांग, चादरी मोजाव्या लागल्या तरी चालंल. पण येत असताना मुद्दाम चुकू नको. आईचं पत्र फाडूही नको.

लोभ आत आलाय, चुलीपाशी बसलाय.
आसराबाईचा अंगठा


लखनौ
ता. २४ नोव्हेंबर १९७१

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं आणि माईचं पत्र एकाच आठवड्यात मिळालं. आधी माईचं उघडलं. ते वाचून रात्रभर ठरवत होतो. नापास कसं व्हायचं ते मला चांगलं येत होतं, आजी.

परीक्षेत तिसऱ्या माणसापाशी होतो, उस्तादांच्या हातात घड्याळ. मागं न वळता तिथंच काम उरकलं असतं तर पुन्हा नापास झालो असतो. पहिल्याचा बांधलेला पाय गार पडला असेल, एवढंच डोक्यात आलं. तो तर खोटा जखमी, पांघरूण घेऊन चांगला उबेत पडलेला. तरी मी उठून गेलो, बोटं दाबली, पट्टी ढिली केली. पास झालो.

उद्या निघतो. कुठं, ते लिहायची परवानगी न्हाई. बाला सांग की हात आता कच्चा न्हाई.

माईला तू सांग, माझ्यानं होत न्हाई. पण तुझं ऐकलं असं सांगू नको, ती जन्मभर तुझ्याशी बोलणार न्हाई. मी आपल्या मनानंच गेलो, असं सांग. ते खरंही आहे.

तुमची सगळ्यांची माया सोबत बांधून नेतोय.
तुझा म्हस्कू