फ्रीजला झेंडूचा हार

९ ऑक्टोबर १९९७
शिरवण्याच्या प्रशिक्षण केंद्रात पोचले. खाडीकाठच्या कोल्ह्यांतला रेबीज कसा आवरायचा, हे शिकायला आम्ही सहा जनावरांचे डॉक्टर जमलोय. शिकवायला केनियाहून डॉक्टर ओतिएनो आलेत. मिसळीने घामाघूम झाले, तरी आणखी एक पाव मागितला! परदेशी लशींचा फ्रीज आमच्या खोलीबाहेरच आहे. खोलीत सोबतीला साताऱ्याची प्राची. बडबडी, पण जीव लावणारी. मी जाम खुशीत आहे.

१३ ऑक्टोबर
दसऱ्याच्या सुट्टीनंतर आज सगळ्यांनी लस टोचून घेतली, केंद्राचे रखवालदार हिरामणकाकांनीसुद्धा. त्यांनी दसऱ्याला जाळी, पिंजरे, फ्रीज, सगळ्यांची पूजा केली म्हणे. फ्रीजवरचा झेंडूचा हार बघून आम्ही खूप हसलो.

१८ ऑक्टोबर
तिवरांत कोल्हा धरला. जाळी फाडून तो थेट काकांच्या तोंडावर गेला. गालाचा लचका लोंबत होता. मी जबडा सोडवायला गेले, तर माझं मनगट हाडापर्यंत फोडलं. शेवटी ओतिएनोंनी त्याला काठीने ठेचलं. जखमा धुऊन आम्ही फ्रीजमधली लस पुन्हा घेतली. आता घाबरायचं कारण नाही, असं ते म्हणाले.

६ नोव्हेंबर
पाण्याचा तांब्या बघून काका किंचाळले. बायकोचा, सगुणाबाईंचा, कान दातांनी तोडला. चौघांनी त्यांना खाटेला बांधलं. जरा शुद्धीवर आले तेव्हा मी विचारलं, फ्रीज कधी बंद होता का? ते रडायलाच लागले. सनाला मशीनीला पन आराम नको काय, बाय, म्हणाले. शनिवारी बंद केला, सोमवारी लावला. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन दिवस!

७ नोव्हेंबर
काका गेले. दवाखान्यात सगळ्यांना ताजी लस दिली. सगुणाबाईंना अजून वेळ आहे. मला नाही. फार भीती वाटते.

११ नोव्हेंबर, सकाळ
मनगटात मुंग्या. पंख्याचा वारा सोसत नाही. ओतिएनो गाडी आणायला गेलेत. बाहेरून कडी घालून घेतली. प्राचीला शपथ घातली, काही झालं तरी उघडायचं नाही.

दुपार
घसा आवळतोय. दारावर डोकं— मीच आपटतेय. रक्त. प्राची पलीकडे रडतेय. मी तिला हाक मारली. का मारली—

तिने उघडलं. तिचा गळा— मी सोडतच नव्हते— तोंडात अजून तिचं— सरपटत बाहेर गेली. जिवंत आहे. तिला लस द्या. ताजी. आत्ता—
गाडी आली. ओतिएनो धावत येतायत. हातात काठी नाही, काहीच नाही. दार उघडं आहे. मी—