हुडव्यातल्या शेणी

आत्याबाई, तुमची सून आता स्वतःच आजी झाली आहे. काल नातवाला धडा समजावत होते: कोळसा, तेल संपणारं, ऊन, वारा, शेण न संपणारं. शाळेत जन्मभर हेच शिकवलं. मुलं लिहितात, गुण घेतात, आणि गावाबाहेर गुऱ्हाळाच्या चुलवाणात जुने टायर जळत राहतात. सांगून सांगून कंटाळा आला आहे. पण काल ‘शेण न संपणारं’ म्हणताना मी अडखळले, म्हणून हे लिहायला बसले.

चौऱ्याहत्तर साल असेल. सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकून मी कडेगावला तुमच्या घरात आले, तेव्हा तुम्ही चुलीपुढे खोकत भाकरी थापत होता. डोळे लाल, छातीत घरघर. रॉकेलला रांगा, आणि बांधावरची झाडं सरपणापायी एकेक करून जात होती. मी गोबरगॅसचा हट्ट धरला. धूर नाही, झाड तोडायला नको, टाकीतून निघेल ते शेताला खत. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि परड्यातल्या हुडव्याकडे बोट दाखवलंत. आमच्याकडे माणसाला शेणींवर जाळतात. स्वतः थापून, वाळवून, रचून ठेवलेला तो शेणींचा ढीग तुम्ही तुमच्याच सरणासाठी राखला होता.

“सगळं श्यान तुझ्या टाकीत गेल्यावर मला कशावर जाळणार गं? गॅसच्या शेगडीवर ठिवणार व्हय?”

“तुम्ही खोकून मरू नये म्हणूनच चाललंय हे,” मी म्हणाले.

“आवं, ऐकलं का,” तुम्ही मामंजींना हाक मारलीत, “शिकल्याली सून मला मरू बी देईना!”

टाकी बसली. चूल विझली, तुमचा खोकला खरंच उतरला. हुडव्याला कुणी हात लावायचा नाही, एवढीच तुमची अट होती.

त्या हिवाळ्यात मी बाळंत झाले. थंडीत टाकीतलं शेण नीट कुजत नाही, गॅस कमी होतो. शेगडीची ज्योत जेमतेम दिसत होती. अंघोळीला कोमट पाणी चालेल, मी म्हणाले. थोड्या वेळानं न्हाणीकडून तो जुना खोकला ऐकू येतो. माझं पाणी तापवायला तुम्ही हुडवा फोडला आहे.

“आत्याबाई, त्या तुमच्या शेणी!”

“असू दे की. मला काय आजच जायचं हाय?”

थंडी सरेपर्यंत रोज सकाळी तुम्ही त्या धुरात बसलात. उन्हाळ्यात गेलात, छातीनंच. परड्यात हुडव्याची नुसती जागा उरली होती आणि रोजचं शेण टाकीत जात होतं. सरणासाठी बांधावरची बाभूळ तोडली. ओलं लाकूड, फार धुमसलं. मी दारातून तो धूर पाहत राहिले.

गोबरगॅस चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. वर्गात फायदे-तोटे समोरासमोर लिहून दिले, त्यात हे कुठं लिहायचं ते मला कळलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. कोमट पाणी चालेल म्हणाले होते, ते खोटं होतं. कढत पाणी पाठीवर पडलं की फार बरं वाटायचं, आणि बाहेर तुम्ही खोकत असताना मी आणखी एक तांब्या मागायचे.