तुमच्या हातचं सेटिंग

आबा, गाडीच्या कार्बोरेटरचं तुम्ही लावलेलं सेटिंग आज मी मोडलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा तो पितळी स्क्रू शेवटचा फिरवला होता. त्यानंतर इतकी वर्षं मी त्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही. प्लग बदलले, कॉइल बदलली, बारामतीच्या एका मिस्त्रीशी तर कडाडून भांडले. तुमचे कपडे गेले, चष्मा गेला. तुमच्या हातानं केलेलं आणि अजून चालू असलेलं तेवढं एकच उरलं होतं.

इंदापूरच्या क्वार्टरचं अंगण आठवतं. तुम्ही गुरांचे डॉक्टर, त्यामुळं गाईच्या पोटाला कान लावावा तसे बॉनेटखाली वाकलेले. मी सीटच्या टोकावर बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवलाय, तोही कसाबसा पोचतोय. "हळू गं! पायानं न्हाय, कानानं दाब," तुम्ही ओरडता. स्वयंपाकघरातून आई म्हणते, "अवो, पोरीला भाकरी तरी खाऊ द्या!" तुम्ही बॉनेट लावून वर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवता. इंजिन चालू असताना पाणी सांडलं नाही तरच उठायची परवानगी. मला तेव्हा तुमचा रागच यायचा.

आता पेट्रोल ते राहिलं नाही, आबा. त्यात इथेनॉल असतं, आपल्याच शिवारातल्या उसाचं. गाडी सकाळी खोकायची, जरा चढ आला की मान टाकायची. आज इंदापूरला जाताना गावाच्या तोंडाशी भर रस्त्यात बंद पडली आणि मागं उसाचे ट्रॅक्टर खोळंबले. "मावशी, धक्का मारू का भंगारवाल्याला फोन लावू?" एकजण हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. शेजारची सीट रिकामी. हे गेल्यापासून ती रिकामीच असते, आणि लेक सातासमुद्रापार, त्याच्याकडं तेव्हा मध्यरात्र. फोन करावा असं माणूस आठवेना. तेव्हा स्टिअरिंगला धरून मी तुम्हालाच शिव्या घातल्या.

ट्रॅक्टरवाल्यांनीच गाडी ढकलत तिथल्या एसटी स्टँडजवळच्या गॅरेजात पोचवली. मिस्त्री म्हणाला, "म्याडम, ह्या पेट्रोलला जुनी सेटिंग न्हाय चालायची. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तापतंय. पेट्रोल सोडणारा जेट मोठ्या भोकाचा टाकू आन् स्क्रू ढिला करू."

"जेट बदला. स्क्रू राहू दे."

"औषध घ्यायचं आन् पथ्य पाळायचं न्हाय? असं कसं हो?"

त्यानं नवा जेट बसवला. मग मी त्याच्या हातातून पेचकस घेतला आणि त्याला ॲक्सिलरेटरवर बसवलं. दुसऱ्या कुणी फिरवण्यापेक्षा मीच फिरवलेला बरा. जरासा ढिला केला, ऐकलं, आणखी जरासा. खोकला थांबला. इंजिन असं संथ लागलं की मिस्त्री म्हणाला, "व्हय, जमलं की!" आणि मी गॅरेजात सगळ्यांदेखत रडले.

हे पत्र कुठं टाकणार? लिहून इथंच राहील. परत येताना गाडी एकदाही अडली नाही, बारामती कधी आली कळलंसुद्धा नाही. पण खरं सांगू, आबा? मला ती खोकणारीच बरी वाटत होती. अडली की तुमच्याशी भांडता तरी यायचं.