तेवीस हिवरांची दुरुस्ती

मी, रत्नमाला रामकिसन औताडे, वय ७८, अविवाहित, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. असता तर चालला नसता. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या पगारातून बांधले आहे. ते भाचा इंद्रजीत यास द्यावे. बांधकामाच्या उन्हाळ्यात शहरात पाणी नव्हते. त्याच्या वडिलांनी गंगापूरहून ट्रॅक्टरने पिंपे आणून भिंतींवर पाणी मारले. ते उपकार माझ्या भावाचे आहेत. इंद्रजीतने ते स्वतःचे समजू नयेत.

२. वाळवलेल्या पानांचे तक्ते मी शिकवले त्या महाविद्यालयास द्यावेत. आपटा आणि कांचन दसऱ्याच्या बाजारात एक होतात. तक्त्यांत होऊ देऊ नयेत. सुरूच्या सुया या सुया नव्हेत, बारीक डहाळ्या आहेत, हेही मुलांना सांगावे. तक्ता २१२ मात्र इंद्रजीतचा.

३. बागेची कात्री शेजारच्या आवडाबाईंना. बावीस वर्षे त्या पाडव्याला बकाणनिंबाची डहाळी कडुनिंब म्हणून गुढीला बांधतात. बकाणाचे पान दोनदा विभागलेले असते. चार वेळा सांगितले, ही पाचवी.

४. देवळाईचा पाच गुंठ्यांचा प्लॉट, त्यावरील हिवराच्या झाडासह, सखूबाई केरबा शिंगाडे यांना द्यावा. इंद्रजीत कारण विचारील, म्हणून लिहिते.

२०१३च्या दुष्काळात शहर देवळाईकडे पसरत होते. तोडायच्या झाडांची ओळख पटवून दाखला देण्याचे काम माझ्याकडे होते. इंद्रजीतला तिथे प्लॉट पाडायचे होते आणि मधे तेवीस झाडे होती. तो यादी घेऊन घरी आला.

"सगळी सुबाभूळच हाय, आत्या. या उन्हात कुठं येतीस? सही कर."

सुबाभूळ बाहेरून आलेली. ती तोडली तर कोणी हरकत घेत नाही. मी कूलरसमोर बसून सही केली.

झाडे पडल्यावर चौथ्या दिवशी एक बाई डहाळी घेऊन फाटकाशी आल्या. त्याच सखूबाई. चारा कुठेच नव्हता. त्यांच्या शेळ्या त्या झाडांच्या पाल्यावर आणि शेंगांवर जगत होत्या.

"बाई, तुमच्या कागदात ह्ये सुबाभूळ हाय म्हणं. धरून बघा की."

धरली. काटा रुतला. सुबाभळीला काटा नसतो. हिवर इथलाच, त्याला पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते.

"शेरडाला कळतंय, अन् तुम्हाला नाय व्हय?" एवढे विचारून त्या गेल्या. महिन्याभरात त्यांनी सगळ्या शेळ्या विकल्या.

मी इंद्रजीतला बोलावले. "सही तर तुझीच हाय, आत्या," तो म्हणाला. ते खरे होते. म्हणून मी अकरा वर्षे गप्प बसले.

मागच्या दिवाळीत माझ्या प्लॉटवरच्या हिवराकडे पाहून तो म्हणाला, "ही सुबाभूळ काढून टाकू, लई जागा खाते." आठ वर्षांचा असताना तो डोळे मिटून, नुसत्या बोटांनी हिवर ओळखत असे. मीच शिकवले होते. त्यामुळे आता कोणी त्याची परीक्षा घेऊ नये. त्याला येते.

५. तक्ता २१२ म्हणजे सखूबाईंनी आणलेली ती डहाळी. खाली लिहिले आहे: नाव, हिवर. ओळख पटवणाऱ्या, सखूबाई शिंगाडे. इंद्रजीतने तो घरात कुठेही ठेवावा.

६. दुरुस्ती. माझ्या २०१३च्या दाखल्यातील तेवीसही झाडे हिवराची होती. मी ती पाहिली नव्हती. या कलमाची प्रत संबंधित कार्यालयात द्यावी.

सखूबाई साक्षीचा अंगठा द्यायला तयार होत्या. ज्याला मिळायचे त्याची साक्ष नको, म्हणून मी नाही म्हटले.

"मंग मी काय करू?"

"प्लॉटवरची डहाळी आणा."

त्यांनी आणली.

छत्रपती संभाजीनगर, १४ मे २०२४
(सही) रत्नमाला रामकिसन औताडे

साक्षीदार: १. सत्यशीला खंडेराव जगदाळे, निवृत्त ग्रंथपाल (सही)
२. डॉ. अजिनाथ कचरू वाकळे (सही)

बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्यांच्या सांगण्यावरून सखूबाईंनी आणलेली डहाळी आम्ही दोघांनी हातात धरून पाहिली. काटे आहेत.