प्रश्न मला विचारला होता, सर

प्रिय सर,

'प्रिय' हात सवयीने लिहून गेला, फार मनावर घेऊ नका.

काल परळच्या आपल्या लॅबमध्ये तुमची शोकसभा झाली. विभागप्रमुख म्हणाल्या, "मनीषा, तू त्यांची लाडकी विद्यार्थिनी. दोन शब्द बोल." मी माईक घेतला. नजर आपोआप पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. आता तुम्ही उठाल, "थांब, मी सांगतो" म्हणाल! खुर्ची रिकामी. मी "धन्यवाद" म्हणून खाली बसले. शोकसभेत धन्यवाद! लोकांना वाटलं, पोरीला हुंदका आवरेना. हुंदका कसला डोंबलाचा! संताप होता तो. म्हणून हे लिहितेय.

दादरची ती परिषद आठवते? क्षयरोगाच्या औषधांवरचं माझं पहिलं भाषण. आईने हिंदमाताच्या कापडबाजारातून खास साडी आणली होती. भाषण झकास झालं. मग मागून एका डॉक्टरांनी विचारलं, "यातल्या किती रुग्णांना मधुमेह होता?" मला तोंडपाठ होतं हो! वॉर्डात फिरून एकेकाला मीच विचारलं होतं. तोंड उघडते न उघडते तोच तुम्ही उठलात. "आमच्या एका मुलीने हे काम केलंय, मी सांगतो."

एक मुलगी? मी तिथेच उभी होते, माईक हातात धरून! आणि वर उत्तर चुकीचं दिलंत.

मग दर वेळी तेच. विचारलं तर म्हणायचात, "अगं, तुला सांभाळून घेतो." पोराला कॅरिअरवर बसवून कोणी सायकल शिकवतं का, सर?

प्रयोग कसा करायचा ते तुम्ही जीव तोडून शिकवलंत, ते मी नाकारत नाही. पण चार लोकांत आपलं काम मांडायचं कसं? आडव्या प्रश्नाला उभं राहायचं कसं? "मला माहीत नाही" हे न लाजता म्हणायचं कसं? ते कोण शिकवणार होतं?

आई म्हणते, "गो, गेलेल्या माणसाक असा बोलू नये." म्हटलं, होते तेव्हा बोलू दिलं कुठे?

सोमवारी माझी मुलाखत आहे. शास्त्रज्ञाची जागा. ही गेली तर संशोधन संपलं, मग कुठल्यातरी खासगी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत बसायचं. कामाची भीती नाही मला, प्रश्नांची आहे. तीसुद्धा तुमचीच देणगी!

आज सकाळी घोडपदेवच्या आमच्या खोलीत आईला समोर बसवून सराव केला. तिने सरळ विचारलं, "ह्या औषधान माणूस बरो होतलो काय?" आणि खरं सांगते, मी दाराकडे बघितलं. तुम्ही येताय का म्हणून! स्वतःचीच चीड आली. मग म्हटलं, "अजून सांगता येत नाही, आई. शोधतोय."

"मगे तसाच सांग थंय," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

तर शब्द देते. सोमवारी उत्तरं मीच देईन. चुकलं तर माझं चुकेल. आणि पुढे आपल्या लॅबमधली ती नवीन स्नेहा भाषणात अडखळली, तर कितीही जीव तुटला तरी मी खुर्चीतून हलणार नाही.

आता तुम्हीही खाली बसा, सर.

त्या 'एका मुली'चं नाव,
मनीषा परब