उलट्या लवेची खुर्ची

त्या सकाळी खुर्चीच्या पाठीवर दोन अक्षरं उमटली आणि माझं सगळं बदललं. तोवर मी नुसती वाट पाहत होतो.

मी, तोगावा रेन्पेई, वय तेवीस, राहणार कोयागुची, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. कायद्याचं कॉलेज दुसऱ्याच वर्षी सोडलं, तेव्हा कलमं चुकली तर सांभाळून घ्यावं. शुद्धीबद्दल मामांचं मत वेगळं आहे. "तेविशीत कसलं मृत्युपत्र रे? इस्टेट काय तुझी? एक कात्री आणि एक डोकं, तेही तापलेलं!"

कलम १. कात्री, हातोडी आणि वाकड्या सुया मामांना, म्हणजे नोझोए काइसाकू यांना, त्यांच्या खुर्च्या-सोफे मढवायच्या दुकानासाठी. सोबत विनंती, की गिऱ्हाइकाला नुसता रंग दाखवून कापड विकू नये. उजेडासमोर धरावं, विणीतून बोटं दिसली तर परत ठेवावं. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासावं. तिरकं ओढून सोडावं. जागेवर आलं नाही तर ते माणसाचं वजन काय पेलणार? शेवटी एक धागा जाळावा. लोकर केसासारखी जळते, नकली धाग्याची काळी गुठळी होते. हे मामांनी नाही, माझ्या चिगुसाने शिकवलं.

कलम २. सरायवाले मिझोबे यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. आम्ही डोंगरात चिगुसाला शोधत होतो तेव्हा हे म्हणाले, "पोरगी पळाली असेल कुणाबरोबर." त्यांच्या खुर्च्यांना त्यांनीच हट्टाने स्वस्त कापड लावून घेतलंय. ते फाटेल तेव्हा मामांनी दुरुस्तीला नाही म्हणावं.

कलम ३. खुर्ची. उएमात्सु चिगुसा मागावर काम करायची. मोहेरचं, म्हणजे बोकडाच्या लांब केसांचं, गडद हिरवं लवदार कापड तिने माझ्यासाठी विणून आणलं. "आगगाडीच्या बाकांना हेच लावतात. आपण म्हातारे होऊ, हे नाही होणार." मढवताना लव, म्हणजे कापडावरचे उभे केस, नेहमी खाली वळवतात. तिने उलटी लावायला लावली. "बसल्याची खूण राहायला हवी. मी उठून गेले तरी तुला कळेल."

गेल्या शरदात ती कोयाच्या डोंगरवाटेने गेली, ती आली नाही.

तेव्हापासून मी सकाळी लव ब्रशने सारखी करून कामावर जायचो. परत येई तेव्हा बैठक दबलेली असायची, डावीकडे जास्त. एक पाय दुमडून बसायची ती.

"हवेतली ओल रे," मामा म्हणाले. "लव हलते."

मी त्यांच्यादेखत त्यातला एक केस उपटून जाळला. बोकडाचा वास यायला हवा होता. तिच्या वेणीतल्या तेलाचा आला. मामा खिडकी उघडायला उठले, आणि खुर्चीला वळसा घालून गेले.

मग ती अक्षरं. को, इ. कोइ. म्हणजे, ये. मी बूट घातले, दारातून वळून पाहिलं, तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती. लिहिणारं बोट कापडाच्या आत होतं. आतून वाचलं तर इको. म्हणजे, चल, निघूया.

ती मला बोलावत नव्हती. तिला बाहेर पडायचं होतं.

कलम ४. म्हणून मी खिळे उपसून कापड काढलं आहे. उरलेला सांगाडा चिगुसाच्या आईला. त्यावर काहीही चढवा, पण लव खालीच वळवा. मी कापड घेऊन तिच्या वाटेने जात आहे. बर्फ वितळेपर्यंत परतलो नाही, तर हे मृत्युपत्र अमलात आणावं.

साक्षीदार:
नोझोए काइसाकू (सही केली म्हणजे पटलं असं नाही. जाड मोजे घाल.)
उएमात्सु हिदेयो, चिगुसाची आई (तिची जेवणाची वाटी अजून उपडी केलेली नाही, रोज मांडते, सांग तिला.)

सही: तोगावा रेन्पेई
कोयागुची, २३ नोव्हेंबर १९८४

कापड खांद्यावर घेतलं आहे. एवढ्याशा कापडाला इतकं वजन नसतं. आता दार उघडतो, आधी तिला जाऊ देतो, मग मी बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.